फोटो हलतो आहे, पण नेमके काय हलते आहे?

हे पत्र गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईंचे आहे. त्यांच्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि आखातातून परतलेल्या भावाने दिलेली ७५-३००ची झूम लेन्स आहे. या झूममध्ये प्रतिमा स्थिर करण्याची, म्हणजे ज्याला कॅननवाले ‘आयएस’ म्हणतात ती सोय नाही. रविवारी पहाटे रायबंदरची फेरीबोट धरून चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी टिपायचे, शिगम्यात फोंड्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांवर नाचत जाणारे गट, म्हणजे रोमटामेळ, टिपायचे आणि शाळेच्या क्रीडादिनाचे फोटो काढायचे, असा त्यांचा छंद आहे. त्या लिहितात, ‘‘दहांतले सहा-सात फोटो अस्पष्ट येतात. दुकानदार म्हणतात, आयएसवाली नवी ७०-३०० घ्या, प्रश्न मिटेल. मुलगा म्हणतो, आई, आधी हात स्थिर ठेवायला शीक. पैसे आहेत, पण ते वर्षभर पगारातून बाजूला काढलेले आहेत. घेऊ का?’’

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

स्थिरीकरण असलेली लेन्स तुम्ही अवश्य घ्यावी, मात्र दुकानदारांनी सुचवलेली घेऊ नये आणि एका सकाळची चाचणी केल्याखेरीज कोणतीही घेऊ नये, असे माझे मत आहे. तुमचे चिरंजीव आणि दुकानदार दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे तुमचे फोटो हात हलल्यामुळेच बिघडतात. तुम्ही पत्रासोबत फोटो पाठवलेले नसल्यामुळे ते गृहीतक मी स्वीकारू शकत नाही, आणि तुम्हीही ते पडताळून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

अस्पष्ट फोटो संगणकावर उघडा, शंभर टक्के मोठा करा आणि पक्ष्याकडे न पाहता आधी त्याच्या आजूबाजूला पाहा. खारफुटीच्या ओल्या पानांवर उन्हाचे बारीक ठिपके चमकत असतात. ते ठिपके जर सगळ्या चौकटीत एकाच दिशेला ओढल्यासारखे, छोट्या रेघांसारखे दिसत असतील, किंवा प्रत्येक फांदीची दुहेरी कड दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. ठिपके गोल आहेत, फांदीची साल स्वच्छ दिसते आहे आणि फक्त खंड्याची मान किंवा पंख पुसट आहे, असे असेल तर हलला आहे तो खंड्या. आणि पक्षी संपूर्ण मऊ दिसतो, पण त्याच्या हातभर मागचे किंवा पुढचे मूळ अगदी लख्ख उमटले आहे, असे असेल तर काहीच हललेले नाही. फोकस भलत्या जागी बसला आहे. १५००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत, आणि निवड कॅमेऱ्यावर सोपवली की बहुतेकदा जवळची फांदी पकडली जाते. त्यामुळे फक्त मधला बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवण्याची सवय लावली, तर हा तिसरा दोष बराचसा फुकटात दूर होतो.

चौथे एक कारण आपल्याकडे विशेष आढळते, आणि त्याचा दोष लोक विनाकारण लेन्सला देतात. करमळीच्या तळ्याच्या एका काठावरून पलीकडच्या काठावरची बदके टिपताना, किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरून दूरच्या मानशीच्या (पाणी अडवणाऱ्या दरवाजाच्या) खांबावर बसलेला पक्षी टिपताना, सकाळचे दहा वाजून गेले असतील तर तापलेल्या हवेच्या लहरींमुळे चित्र वितळल्यासारखे होते. तिथे जगातली सर्वांत महाग लेन्सही काही करू शकत नाही. त्यावर उपाय दोनच, लवकर जाणे किंवा जवळ जाणे.

आता या चार कारणांपैकी आयएस फक्त पहिल्यावर काम करते. लेन्सच्या आत हालचाल ओळखणारे छोटे जायरो संवेदक असतात. हात जितका कलतो तितका आतला काचेचा एक गट विद्युतचुंबकांच्या साहाय्याने विरुद्ध बाजूला सरकवला जातो, आणि सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची, प्रतिमा जागच्या जागी राहते. कॅमेऱ्याला लावता-काढता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय कॅननने प्रथम १९९५ साली आणली, आणि गंमत अशी की ती लेन्स ७५-३००च होती, म्हणजे तुमच्या लेन्सचीच आयएस असलेली बहीण. तिचा लाभ तेव्हा दोन स्टॉपचा सांगितला जाई. आजच्या लेन्सना साडेतीन-चार स्टॉप सांगतात. निकॉन यालाच व्हीआर म्हणते, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी आणि सोनी ओएसएस; नावे वेगळी असली तरी काम एकच आहे.

एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे; ते तुमच्याच कॅमेऱ्याच्या हिशोबात मांडतो. हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग फोकल लेंथच्या (लेन्सवरच्या ३००सारख्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) व्यस्तापेक्षा कमी नसावा, असा जुना ठोकताळा आहे, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने फोकल लेंथला १.६ने गुणावे लागते. ३०० गुणिले १.६ म्हणजे ४८०, तेव्हा वेग किमान १/५०० सेकंद हवा. त्याहून एक स्टॉप खाली १/२५०, दोन स्टॉप खाली १/१२५, तीन खाली १/६० आणि चार खाली १/३०. चार स्टॉपची लेन्स म्हणजे कागदावर १/३० सेकंदालाही हातातून स्थिर फोटो. प्रत्यक्षात मी त्यातला एक स्टॉप सोडून देतो, कारण जाहिरातीतले हात आणि पहाटे साडेपाचला उठून फेरीबोट गाठलेले हात एकसारखे नसतात.

चोडणच्या खाडीत, खारफुटीच्या गर्द छायेखाली सकाळी सातच्या सुमारास एफ/५.६वर (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त) १/५०० सेकंद मिळवायचे, तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ६४०० करावी लागते. तुमच्या कॅमेऱ्याची ती नेहमीची कमाल मर्यादा आहे, आणि तिथे पक्ष्याच्या पिसांचा पोत नॉईजमध्ये, म्हणजे रंगीत दाण्यांत, विरघळून जातो. हाच प्रकाश, हाच अ‍ॅपर्चर आणि हातात आयएस असलेली लेन्स असेल, तर शांत बसलेल्या बगळ्यासाठी तुम्ही १/१२५ला उतरू शकता आणि आयएसओ १६००वर आणू शकता. हा दोन स्टॉपचा फरक छापील फोटोत दुरूनही ओळखू येईल इतका मोठा आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी, सकाळी झाडावर उलट्या टांगलेल्या वटवाघळांसाठी, चिखलात निश्चल पडलेल्या मगरीसाठी आयएस हे खरोखरच वरदान आहे. पण तोच बगळा उडाला की त्याच्या पंखांना १/१००० किंवा त्याहून अधिक वेग लागतो, आणि तितक्या वेगाला आयएस असली काय आणि नसली काय, फोटोत फरक पडत नाही. दृश्य चौकटीत थोडे स्थिर दिसते, एवढाच लाभ.

फेरीबोटीवरचा एक अनुभव इथे सांगणे मला आवश्यक वाटते. बोट धक्क्यावरून सुटली की आधार मिळावा म्हणून आपण कोपरे लोखंडी कठड्यावर टेकवतो, आणि नेमके तिथेच फसतो, कारण इंजिनाची सगळी थरथर त्या कठड्यातून कोपरांत आणि कोपरांतून कॅमेऱ्यात येते. कठड्यापासून पाऊलभर दूर उभे राहा, गुडघे किंचित सैल ठेवा, कोपरे बरगड्यांना लावा. तुमचे शरीर त्या कंपनांचा बराचसा भाग गिळून टाकते. आयएस असली तरी हा नियम बदलत नाही. अभयारण्यातल्या होडीत मात्र अडचण वेगळी असते; तिचे डोलणे संथ असते, त्यामुळे फोटो पुसट होण्यापेक्षा पक्षी चौकटीबाहेर निसटण्याचाच त्रास अधिक.

शिगम्याचा प्रश्न तुम्ही पक्ष्यांच्या प्रश्नासोबतच विचारला आहे, पण त्याचे उत्तर अगदी निराळे आहे. रात्रीच्या मिरवणुकीत रस्त्यावरचे दिवे आणि चित्ररथांची रोषणाई धरूनही एफ/५.६ आणि आयएसओ ३२००वर शटर १/६० सेकंदाच्या आसपास घुटमळते. त्या वेगाला आयएस तुमचा हात स्थिर करील, मागची इमारत आणि दिव्यांच्या माळा रेखीव येतील, पण ढोल-ताशांच्या ठेक्यावर छत्र्या नाचवणारा रोमटामेळ मात्र पुसट वाहून जाईल. (असा फोटो मुद्दाम काढला तर सुंदरही दिसतो, हे कबूल आहे, परंतु दहांतले सहा-सात तसे आले की त्याला शैली म्हणता येत नाही.) नाचणाऱ्याला थांबवायचे तर किमान १/२५० हवे, आणि ते फक्त जास्त प्रकाश आत घेणारी लेन्सच देऊ शकते. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही १६० ग्रॅमची लहानशी लेन्स एफ/५.६च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉपांहून किंचित जास्त. म्हणूनच १/६०च्या जागी १/५००ही शक्य होते, किंवा १/२५०ला थांबून आयएसओ निम्म्यावर आणता येतो. तिच्यात झूम नाही आणि आयएसही नाही; पायांनी पुढे-मागे व्हावे लागते. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० एमएमसारखी दिसते, आणि रस्त्याच्या कडेला पहिल्या रांगेत जागा मिळाली की घोडेमोडणीतल्या, म्हणजे घोड्याचे सोंग घेऊन केलेल्या नाचातल्या, एका चेहऱ्यासाठी तेवढे अंतर अगदी योग्य ठरते.

क्रीडादिनाबद्दल थोडक्यात सांगतो. सकाळी दहाच्या लख्ख उन्हात आयएसओ ४०० आणि एफ/८वर तुम्हाला १/१६०० सेकंद सहज मिळते. त्या वेगाला धावणारे मूलही थांबते आणि तुमचा हातही. तिथे आयएसची काही गरज नाही. तरीही ते फोटो अस्पष्ट येत असतील, तर तो फोकसचा दोष आहे. तुमच्या जुन्या लेन्सची फोकस मोटर संथ आणि आवाज करणारी असावी, अशी माझी दाट शंका आहे.

आता चाचणीकडे वळतो. कापडी पिशवीत किलोभर उकडे तांदूळ भरा, तोंड शिवून टाका आणि ती पिशवी घराच्या कठड्यावर ठेवून तिच्यात लेन्स नीट बसवा. तिपाईपेक्षा हा आधार अनेकदा चांगला ठरतो, आणि पुढे होडीच्या काठावरही तो तुमच्या कामी येईल. तीस-चाळीस पावलांवरचा एखादा अक्षरांचा फलक निवडा. लेन्स ३००वर न्या, कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा टायमर लावा आणि एफ/५.६, एफ/८ व एफ/११ असे फोटो काढा. मग तीच लेन्स हातात धरून १/५००, १/२५०, १/१२५ आणि १/६० या वेगांना प्रत्येकी दहा फोटो काढा आणि प्रत्येक दहांत किती फोटोंतली अक्षरे स्वच्छ वाचता येतात ते वहीत मांडा. उजेड पुरेसा असताना हे करा, म्हणजे आयएसओची भानगड मध्ये येणार नाही.

पिशवीवरचे फोटोही मऊ आले, तर तुमच्या हाताची निर्दोष सुटका झाली, असे समजा. ७५-३०० ही लेन्स ३००च्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मऊ आहे आणि उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या फांद्यांना जांभळट कड आणते, हा तिचा लौकिक जुना आहे. एफ/८ला ती बरीच सुधारते, पण त्यासाठी एक स्टॉप प्रकाश खर्च होतो. पिशवीवर स्वच्छ आणि हातात अस्पष्ट, असा निकाल आला, तर स्थिरीकरणाची गरज सिद्ध झाली. आणि हातातून १/२५०लाही दहांतले आठ फोटो स्वच्छ आले, तर चिरंजीवांना बोलावून वही दाखवावी.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे पहिला आणि दुसरा निकाल एकत्रच येईल, म्हणजे एफ/५.६ला पिशवीवरही मऊ, आणि एफ/८ला पिशवीवर स्वच्छ पण हातात अस्पष्ट. तसे झाल्यास नवी ७०-३०० नको, असे मी का म्हणतो, ते सांगतो. २०१६ साली आलेली ती आयएस दोन क्रमांकाची ७०-३०० उत्तम लेन्स आहे; तिची मोटर चपळ आहे आणि स्थिरीकरण चार स्टॉपचे आहे. परंतु तिचे वजन ७१० ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या दीडपट, आणि ती मुख्यतः मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यालाही चालावी म्हणून तशी घडवलेली आहे. तुम्ही मोठ्या सेन्सरकडे जाणार असल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. याउलट तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठीच बनवलेली, २०१३ साली आलेली ५५-२५० आयएस एसटीएम अवघ्या ३७५ ग्रॅमची आहे, तुमच्या जुन्या लेन्सहून शंभर ग्रॅमने हलकी. तिचे स्थिरीकरण साडेतीन स्टॉपचे आहे, मोटर आवाज न करणारी आहे, आणि जुनी लेन्स दीड मीटरच्या आत फोकस करत नाही तिथे ही ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येते. फुलपाखरांसाठी हे सुख वेगळेच. ३००च्या जागी २५० म्हणजे पक्षी चौकटीत सहाव्या हिश्शाने लहान दिसेल. मात्र मऊ ३००पेक्षा रेखीव २५० कातरून मोठा केलेला फोटो मला नेहमीच अधिक समाधानकारक वाटला आहे.

म्हणून माझा सल्ला असा की चांगल्या अवस्थेतली वापरलेली ५५-२५० एसटीएम आणि नवी ५० एफ/१.८, अशा दोन लेन्स घ्याव्यात. दोन्ही मिळून नव्या ७०-३००पेक्षा कमी पैशांत येतील. पक्ष्यांचे काम पहिली करील आणि शिगम्याचे दुसरी. दर आठवड्याला मोले किंवा म्हादईच्या रानात धनेशाच्या मागे जाण्याचा तुमचा विचार असता, तर मी वेगळे लिहिले असते. तिथे ३००देखील अपुरी पडते आणि लोक १५०-६००च्या लेन्सकडे वळतात. पण त्या दोन किलोंच्या आसपास वजनाच्या असतात, आणि तो भार फेरीबोटीतून हौसेने वाहण्याजोगा नाही.

वापरलेली लेन्स घेताना नाव नीट वाचा. ५५-२५०च्या जुन्या दोन आवृत्त्याही बाजारात पुष्कळ फिरतात. लेन्सवर ‘एसटीएम’ ही अक्षरे असतील तरच ती तुमच्या कामाची. स्थिरीकरण तपासण्यासाठी लेन्स २५०वर न्या आणि बटण अर्धे दाबून धरा. अर्ध्या-एका सेकंदात दृश्य पाण्यात तरंगत येऊन थांबल्यासारखे स्थिर झाले पाहिजे आणि कानाजवळ अगदी हलकी गुणगुण ऐकू आली पाहिजे. दृश्य उड्या मारत असेल किंवा आतून करकर येत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी परत फिरा, कारण आयएसचा आतला भाग बदलणे ही महागडी दुरुस्ती असते. तो अर्धा-एक सेकंद पुढेही लक्षात ठेवा; बटण एका झटक्यात पूर्ण दाबले, तर यंत्रणेला सावरायला वेळच मिळत नाही. आणि कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला असेल, तेव्हा लेन्सवरचे स्थिरीकरणाचे बटण बंद करा.

मग मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या मागून तिरका उजेड टाका आणि पुढून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. आपल्या हवेत ती किती लवकर धरते, याचा धडा मला स्वतःच्या निष्काळजीपणातून मिळाला. एक चांगली लेन्स मी तिच्या चामडी पाकिटासह कपाटात ठेवली, मिरगापासून चवथीपर्यंत पाहिलीच नाही, आणि चवथीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीचा फोटो काढायला बाहेर काढली तेव्हा पुढच्या काचेच्या आत नाजूक नक्षी उमटली होती. चामडे आणि जाड कापडी पिशवी दोन्ही ओल धरून ठेवतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ, एवढ्यावर काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहावा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा डब्यात टाकावेत. दोन लेन्स घेऊन जे पैसे उरतील, त्यांतला पहिला खर्च हाच असू द्या.

भावाची जुनी लेन्स विकू नका; तिला फारशी किंमत येणार नाही. उन्हातल्या मैदानावर एफ/८ला ती अजूनही चांगले काम देते, तेव्हा क्रीडादिनाला दहावीतल्या एखाद्या उत्साही मुलाच्या किंवा मुलीच्या हाती ती द्या आणि मधला फोकस बिंदू कसा निवडायचा, तेवढे आधी दाखवून ठेवा.

आपला,
सदरलेखक